फोनवरची आणि घरातली

पेंटर परांचीवरून पडला, त्या वेळी टिंगी लाँड्रीच्या दुकानात एका काळ्या कोटावरचा मेणाचा डाग काढत होती. डाग निघत आला होता. तेवढ्यात मालकीण मागच्या दारानं आत आली, तिनं स्वतःच्या हातानं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि म्हणाली, "चल. चप्पल घाल." मालकीण कधी कुणाची इस्त्री बंद करत नसे. उलट तापलेली इस्त्री रिकामी दिसली की तिचा जीव खालीवर व्हायचा. काहीतरी वाईट झालंय, हे टिंगीला तेवढ्यावरूनच कळलं. काय झालं, कुठे झालं, हे तिनं रस्त्यात विचारलं.

टिंगी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. लग्नानंतर वरच्या फळीवरचा डबा काढायला ती स्टुलावर चवड्यांवर उभी राहिली होती, तेव्हा तिचा उंच, काटकुळा नवरा दारातून म्हणाला होता, "टिंगे, उतर, पडशील." ते नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यालाही त्याच्या नावानं कुणी हाक मारत नसे. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रकांच्या पाठी, सगळीकडे त्याची अक्षरं होती आणि सगळे त्याला पेंटर म्हणत. टिंगीही. "पेंटर, जेवायला चला." "पेंटर, पाणी गेलंय." त्याचं बोलणं मोजकं. याचे सगळे शब्द पाट्यांवरच संपतात, घरी आणायला उरत नाहीत, असं टिंगी आल्यागेल्याला सांगायची. तक्रार म्हणून सांगायची, पण त्यात थोडा तोराही असायचा.

पेंटर वाचला. डोक्याला मार होता, उजव्या हाताला कंप राहिला, पण शुद्धीवर आला तसा त्यानं परगावाहून धावत आलेल्या लेकीला ओळखलं. मालकिणीला ओळखलं. ज्याच्या दुकानाच्या पाटीवर काम करताना पडला, त्या दुकानदाराला ओळखून "अर्धी पाटी राहिली," असंही म्हणाला. टिंगी तेव्हा घरून कपडे आणायला गेली होती. ती खाटेजवळ आली तेव्हा तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग लेकीला हळूच म्हणाला,

"या कोण?"

लेक हसली. "बाबा, आई आहे."

"दिसतात आईसारख्या," पेंटर म्हणाला. "अगदी तशाच दिसतात. पण आई कुठे आहे?"

औषधांची गुंगी असेल, असं सगळ्यांनी धरलं. गुंगी उतरली, टाके निघाले, घरी सोडायची वेळ आली, तरी ते जाईना. टिंगीनं बाही वर करून इस्त्रीच्या चटक्यांचे डाग दाखवले. लग्नातली भांडणं आठवून सांगितली. पेंटरनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डागसुद्धा तसेच केलेत. तयारी पक्की आहे तुमची."

डॉक्टर तरुण होते, पण उडवाउडवी करणारे नव्हते. त्यांनी टिंगीला खुर्चीवर बसवून सांगितलं, "माणूस ओळखताना आत दोन कामं होतात. चेहरा कुणाचा ते कळतं, हे एक. आणि आपलं माणूस दिसलं की आत काहीतरी हलतं, हे दुसरं. यांचं पहिलं चालू आहे. दुसरं बंद पडलंय. चेहरा तुमचाच दिसतो, पण आत काही हलत नाही. मग मेंदू त्याचा अर्थ लावतो, की ही ती नव्हेच."

"मग लेकीला बघून कसं हलतं?"

"ते मला नाही सांगता येणार. पण बहुतेक वेळा सगळ्यात जवळचं माणूसच यात सापडतं."

"म्हणजे मी हे माझं कौतुक समजू?" टिंगी म्हणाली. वाद घालू नका, पटवायला जाऊ नका, एवढंच डॉक्टरांनी बजावलं.

घरी आल्यावर पेंटरनं आधी टिंगीच्या कपड्यांच्या कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली. "तिच्या वस्तूंना हात लावायचा नाही," म्हणाला. स्वतःचेच कपडे असून टिंगीला बाजारातून दोन नवे जोड आणावे लागले. ती रांधायची, पण तिनं आधी खाल्ल्याशिवाय तो घास तोंडात घालत नसे. रात्री तो बाहेरच्या खोलीत झोपायचा आणि मधल्या दाराला खुर्ची लावून ठेवायचा. बोलायचा मात्र अदबीनं. "बाई, पाणी द्याल का." "बाई, तुम्हाला कुणी पाठवलं ते सांगा, मी काही करणार नाही." सबंध संसारात त्यानं टिंगीला कधी अहोजाहो केलं नव्हतं. आता प्रत्येक "तुम्ही" तिच्या कानशिलावर बसायचा. ती दाराआडून बोलली तरी त्याला पटत नसे. "आवाजसुद्धा उचललाय," म्हणायचा.

लेक आठवडाभर राहून परत गेली. तिची नोकरी होती, संसार होता. टिंगीही कामावर जायला लागली. न जाऊन काय करणार? एका दुपारी तिला आठवलं की गोळी टेबलावर काढून ठेवायची राहिलीय. दुकानाच्या मागच्या बाजूला, टांगलेल्या कोटांच्या रांगेपलीकडे फोन होता. तिनं घरचा नंबर फिरवला.

"गोळी डब्यातच राहिलीय. घ्या काढून," ती म्हणाली.

पलीकडून पेंटरचा आवाज आला, फुटलेला.

"टिंगे?"

तिच्या हातातला हँगर खाली पडला.

"टिंगे, कुठे आहेस तू? किती शोधू तुला? मला वाटलं, मी पडलो ते बघून तुलाच काही झालं. कुणी काही सांगत नाही मला. टिंगे, बोल ना!"

पेंटर रडत होता. त्याची आई गेली तेव्हासुद्धा तो रडला नव्हता. "आले, आले, आत्ता आले," असं म्हणत टिंगीनं फोन तसाच टाकला आणि चालू इस्त्री, ओला सदरा, सगळं सोडून ती घराकडे धावत सुटली. जिना चढताना तिला दम लागला होता आणि हसूही येत होतं. तिनं दार ठोठावलं.

दार किलकिलं झालं. पेंटरचे डोळे अजून ओले होते. तिला बघताच त्या चेहऱ्यावर झडप पडल्यासारखं झालं.

"बाई, आज लवकर आलात?"

"अहो, आत्ता आपण फोनवर..."

"तुम्हाला कसं कळलं फोन आला ते?" तो एक पाऊल मागं सरकला. "ऐकत असता का तुम्ही?"

टिंगी पायरीवर बसली.

डॉक्टर म्हणाले, होतं असं. आवाजाची वाट वेगळी असते, ती शाबूत राहिलीय. डोळ्यांसमोर चेहरा असला की तो आवाजालाही खोटं पाडतो. म्हणजे पेंटरची बायको त्याला मिळणार होती ती फक्त फोनवर, आणि त्यासाठी तिनं घराबाहेर असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा फोन केला. मी लेकीकडे आहे, म्हणाली. पडले, पायाचं हाड मोडलंय, प्रवास करायचा नाही असं सांगितलंय. लेकीला तिनं हे आधीच कळवून ठेवलं होतं. लेक तिकडून चिडली. "आई, असलं खोटं किती दिवस चालणार? आणि मी बाबांशी काय बोलायचं?" टिंगी म्हणाली, "एवढं माझ्यासाठी कर. मला त्यांच्याशी बोलायचंय गं."

आणि पेंटर बोलायला लागला. ज्याचे शब्द पाट्यांवर संपायचे, तो फोनवर थांबेना. हात कसा थरथरतो, कोण भेटायला येऊन गेलं, खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी दिसते तिच्यातलं एक अक्षर कसं बसकं झालंय. आणि ती बाई. "टिंगे, चालतेसुद्धा तुझ्यासारखी. भांडी आपटते तीही तुझ्यासारखीच. कधी कधी स्वयंपाकघरात पाठमोरी असते ना, तेव्हा वाटतं, तूच आहेस. मग ती वळते आणि माझ्या अंगावर काटा येतो." कोटांच्या रांगेमागं उभी राहून टिंगी हे ऐकायची. 'ऐकतेस ना?' असं त्यानं विचारलं की हसायची. दुपार कधी होते, असं तिला सकाळपासून वाटायचं. लग्न झाल्यापासून हा माणूस तिला एवढा कधी मिळाला नव्हता. आणि संध्याकाळी त्याच माणसाच्या दारात ती चोरासारखी उभी राहायची.

मालकीण एकदा म्हणाली, "प्रेमात पडलेल्या पोरीसारखं करतेस तू."

"पडलेच आहे," टिंगी म्हणाली. "फक्त दुसरीच्या नवऱ्याच्या."

असं फार दिवस चालणार नव्हतं. एका सकाळी पेंटर कपडे करून, पिशवी भरून तयार झाला. मी लेकीकडे जातो, तिला घेऊन येतो, म्हणाला. दोन पावलं चाललं तरी त्याचा तोल जात होता. रस्ता ओलांडणंही त्याला झेपलं नसतं. टिंगी दारात आडवी उभी राहिली.

"सरका, बाई."

"नाही सरकणार. पडाल तुम्ही."

"तुम्हीच तिला तिकडे अडकवून ठेवलंय," तो म्हणाला आणि त्याचा आवाज एकदम चढला. "तिची जागा पाहिजे ना तुम्हाला! घर पाहिजे!" जुना रंग खरवडायची त्याची लोखंडी पट्टी कोनाड्यात होती. ती कधी त्याच्या हातात आली ते तिला दिसलंच नाही. हनुवटीवर काहीतरी गार लागलं आणि मग ऊन ऊन वाहायला लागलं. पेंटरनं पट्टी टाकली. स्वतःच्या थरथरत्या हाताकडे तो असा बघत होता, जणू काही तो हातही कुणीतरी बदलून दिलाय. टिंगीनं दाराला बाहेरून कडी घातली आणि हनुवटीला फडकं दाबून ती एकटीच टाके घालून घ्यायला गेली.

त्या दुपारी तिनं फोन केला तेव्हा तोंड नीट उघडत नव्हतं.

"आवाज असा का येतोय?" त्यानं विचारलं.

"दाढ दुखतेय. तुमचं काय चाललंय?"

तो म्हणाला, "टिंगे, माझा हात उठला. त्या बाईवर. रक्त आलं खूप. मी कधी कुणावर हात उगारला नाही गं."

टिंगीनं डोळे मिटले. समोर कुणाचातरी लग्नाचा सूट प्लास्टिकच्या पिशवीत लटकत होता. तिला जे सुचलं, ते आधी ठरवलेलं नव्हतं.

"पेंटर, ऐका. त्या बाईला मीच ठेवलंय."

"तू?"

"मग काय! मी इथं अशी पडलेली. तुमचं खाणंपिणं कोण बघणार? बिचारी पोटासाठी आलीय. तुम्ही तिला चोर ठरवता, कुलपं घालता. आज मारलंत. उद्या ती सोडून गेली तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"पण मग ती तुझ्यासारखी का दिसते?"

"म्हणून तर ठेवली," टिंगी म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला परकं वाटायला नको."

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा मधल्या दाराची खुर्ची जागेवर गेली होती. पेंटर उठून उभा राहिला. "बाई, मला माहीत नव्हतं तुम्हाला तिनं ठेवलंय. चुकलं माझं." तिच्या हनुवटीवरच्या पट्टीकडे बघून तो पुढं म्हणाला, "व्रण राहील. पण बरंच झालं एका अर्थी. आता तुम्ही वेगळ्या ओळखू येता."

त्या दिवसापासून तो तिच्या हातचं निमूट जेवायला लागला. ती वेगळी आहे हे एकदा मान्य झाल्यावर त्याच्या मनातली भीती गेली. कपाटाची किल्ली मात्र गळ्यातच होती. टिंगी त्याची दाढी करायची, गुंड्या लावायची. मग एके दिवशी त्यानं जुने ब्रश काढायला लावले. उजव्या हाताचं मनगट तिनं दोन्ही हातांनी धरायचं आणि त्यानं ब्रश ओढायचा, असा खेळ सुरू झाला. आधी रद्दीच्या कागदावर. मग दुकानाच्या मालकिणीनं मुद्दाम एक छोटी पाटी दिली, 'आत येताना चप्पल बाहेर' असली काहीतरी. अक्षरं वेडीवाकडी आली. 'च' तर पडायच्या बेतात होता. पेंटर त्याच्याकडे बघून हसला. "हा माझ्यासारखाच आहे," म्हणाला, "परांचीवरून उतरलेला." टिंगीही हसली, हनुवटीचा व्रण ओढला जाईपर्यंत.

"अगं, रंग सांडशील," तो म्हणाला.

टिंगीचे हात थबकले. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. त्या संध्याकाळपासून तो तिला "तू"च म्हणायला लागला.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, दोन-चार दिवस. पण दुपारी फोनवरचं बोलणं आटत चाललं. "बरा आहे." "हो, जेवलो." "तू घाई नको करूस, पाय नीट बरा होऊ दे." एकदा तिनं मुद्दाम विचारलं, "ती बाई कशी आहे?"

"कोण? ती होय," पेंटर म्हणाला. "आहे. ठीक आहे."

तो सूर तिनं दुकानात हजारदा ऐकला होता. कोटाच्या खिशातून सापडलेलं कुण्या बाईचं काहीबाही परत घेताना पुरुष असंच म्हणायचे, हे होय, ठीक आहे. टिंगीचा चेहरा तापला. आपल्याला मत्सर वाटतोय, हे तिला कळलं. कुणाचा, हे मात्र मालकिणीलाही सांगायची सोय नव्हती.

त्याच संध्याकाळी भाजी ढवळता ढवळता तिनं सहज विचारलं, "आज तुमच्या बायकोचा फोन आला होता?"

"नाही," पेंटर म्हणाला.

ती वळली नाही. आपला चेहरा त्याला दिसू नये, असं त्या दिवशी पहिल्यांदाच तिला वाटलं.

थोड्या वेळानं त्याचाच आवाज आला. "आला होता. खोटं बोललो. तुला वाईट वाटेल म्हणून." मग तो स्टूल ओढून स्वयंपाकघराच्या दारात बसला. "खरं सांगू का, हल्ली फोन वाजला की माझ्या जिवावर येतं. ती चांगली आहे. वाईट आहे असं म्हणत नाही मी. पण तिच्याशी बोलताना मला बरं असल्यासारखं दाखवावं लागतं. तुझ्यापुढं नाही लागत."

"असं काय केलं हो तिनं?"

"केलं काहीच नाही." तो उजवा हात डाव्या हातात धरून बसला होता. "मी पाय घसरून पडलो नाही. कुणाला सांगितलं नाही हे. मला बरेच महिने वर गेलं की चक्कर यायची. खाली बघितलं की सगळं फिरायचं. परांची धरून मी उभा राहायचो, लोकांना वाटायचं, अक्षर मापतोय."

"मग सांगायचं ना तिला!"

"सांगून काय झालं असतं? 'मग बसा घरी,' म्हणाली असती. तेवढं म्हणायला ती चुकली नसती. पण म्हणताना तोंड फिरवलं असतं तिनं. छापलेल्या पाट्या आल्यापासून कामं तशीच कमी झाली होती, दुकानात उभी राहून राहून तिचे पाय सुजायचे. ती दमलेली असायची गं. दमलेल्या माणसाला काय सांगायचं?"

भाजी खाली लागली. टिंगीनं गॅस बंद केला आणि ती पातेल्याकडे बघत राहिली. तिला एक संध्याकाळ आठवत होती. पेंटर म्हणाला होता, आज जरा गरगरतंय. आणि ती म्हणाली होती, "मला रोजच गरगरतं." तोंड फिरवलं होतं की नाही, ते आठवत नव्हतं. फिरवलंच असणार.

त्यानंतर तिनं फोन करणं बंद करायचं ठरवलं. लेक म्हणाली, हेच मी आधीपासून सांगत होते. पण लेकीला वाटत होतं, आई आता खोटं थांबवतेय. टिंगीला ठाऊक होतं, आपण काय थांबवतोय ते.

शेवटच्या फोनवर ती म्हणाली, "पेंटर, मी आता लेकीकडेच राहीन म्हणते. माझ्यानं आता जिने चढवत नाहीत."

आग्रह करेल, असं तिला वाटत होतं. नको म्हणेल. ये म्हणेल. तसं एक अक्षर जरी तो बोलला असता, तरी तिनं सगळं मोडून पुन्हा रोज फोन केला असता.

"बरं," पेंटर म्हणाला. "जप."

ती घरी गेली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं गळ्यातली किल्ली काढून कपाट उघडलं, टिंगीचे कपडे पलंगावर मांडले आणि त्यांच्यावरून हात फिरवत बसला. त्याला सुटका हवी होती, ती मिळाली होती, आणि आता तो ढसाढसा रडत होता. दोन्ही खरं होतं. टिंगी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. स्वतःच्याच दुखवट्याला आलेल्या बाईनं काय बोलायचं असतं, ते तिला सुचेना.

"तू घे हे कपडे," शेवटी तो म्हणाला. "तुला होतील."

झाले. का नाही होणार?

सुट्टीत लेक आली. पेंटरनं तिला जवळ बसवून सांगितलं, "तुझी आई आपल्याला सोडून गेली. तिला बोल लावू नकोस. माझ्यासारख्याचं करता करता माणूस थकतंच." लेकीनं दाराकडे बघितलं. दारात आई उभी होती, आईचाच निळा कुर्ता घालून.

"बाबा, मग ही कोण आहे?" लेक ओरडली. "नीट बघा ना एकदा! कोण आहे ही?"

पेंटर गोंधळला. दोघींकडे आळीपाळीनं बघत म्हणाला, "हिचं मला कुणी नाव सांगितलं नाही. पण मी वाचलो तो हिच्यामुळे."

लेक दुपारच्याच गाडीनं परत गेली. जाताना जिन्यात तिनं आईला मिठी मारली आणि म्हणाली, "तू कशी राहतेस गं इथं?" टिंगी म्हणाली, "बरं चाललंय. बोलतात माझ्याशी."

आणि खरोखरच बरं चाललं होतं. पुढची काही वर्षं त्या घरात दोन माणसं सुखानं राहिली, असं कुणीही म्हणालं असतं. पेंटर तिच्या पायांना तेल लावून द्यायचा. दुकानात आज कुठले डाग आले, ते विचारायचा. गंमत म्हणून तिचं नाव काय ठेवावं याच्या चर्चा व्हायच्या. एकदा तो म्हणाला, "तू बुटकी आहेस, टिंगी म्हटलं असतं. पण ते नाव दिलेलं आहे." तेव्हा ती उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली, एवढंच. एरवी या सगळ्याची तिला सवय झाली होती. सवय माणसाला कशाचीही होते, हे तिनं स्वतःवर बघितलं होतं.

मग एका थंडीत त्याला बारीक ताप आला. दोन दिवसांत उतरला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन गेली तर पेंटर पलंगावर ताठ बसला होता आणि तिच्याकडे बघत होता. ती नजर तिच्या ओळखीची होती. तिनं कपबशी खाली ठेवली.

"हनुवटीवरचा व्रण छान जमवलाय," तो म्हणाला. "कुठे आहे ती?"

"कोण?"

"ती, व्रणवाली. माझी दाढी करायची ती. तुम्ही तिच्या जागी आलात, एवढं कळतं मला. मी वेडा नाही."

डॉक्टर आता पोक्त झाले होते. त्यांनी पेंटरला तपासलं आणि टिंगीला बाहेर बोलावलं. काय सांगणार, ते तिला त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. तिनंच विचारलं, "जवळचं माणूस सापडतं, म्हणाला होतात ना?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे मी पुन्हा जवळची झाले होते."



फोन करून बघावा, असं तिच्या मनात आलं. पण फोनवर कोण म्हणून बोलायचं? पहिली तर सोडून गेलेली. दुसरीला नाव नव्हतं. आणि तिचा आवाज ऐकून तो जर पुन्हा "टिंगे" म्हणाला असता, तर ते सगळं पहिल्यापासून करायचं बळ तिच्यात राहिलं नव्हतं. तिचे गुडघे गेले होते. दुकानातलं काम तिनं सोडून दिलं होतं.

घरी आल्यावर पेंटर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, संशयानं, भिंत धरून. तिनं पदार्थांचे डबे, शेगडी, खिडकी यांच्यावरून नजर फिरवली. वाद घालायचा नाही, पटवायला जायचं नाही. मग ती म्हणाली,

"मी आजच आलेय. नवीन आहे. मला इथलं काही माहीत नाही. साखर कुठे असते?"

पेंटर तिला निरखत राहिला. ती हात खाली सोडून उभी होती. कशालाही शिवत नव्हती. बऱ्याच वेळानं तो आत आला.

"वरच्या फळीवर," तो म्हणाला. "पण तुमचा हात पुरायचा नाही. थांबा." त्यानं डबा काढला, थरथरत्या हातानं ओट्यावर ठेवला. "चहाची पावडर त्या शेजारी. हा गॅस जरा ओढून लावावा लागतो, नाहीतर वास सुटतो. बघा, असा."

"असा?"

"हां. आधीच्या दोघींनाही दाखवावं लागलं होतं." तो थांबला, काहीतरी आठवत असल्यासारखा. "माझ्याकडे कुणी टिकत नाही, बाई. आधीच सांगून ठेवतो."

"बघू," टिंगी म्हणाली आणि तिनं गॅस लावला.

पेंटर त्यानंतर वर्षभर जगला, शेवटपर्यंत तिला "तुम्ही" म्हणत. भांडला मात्र नाही. गेला तेव्हा लेकीनं आईला आपल्याकडे न्यायचं ठरवलं आणि सामान आवरायला घेतलं. टिंगी म्हणाली, थोडे दिवस राहू दे मला इथं. लेकीनं कारण विचारलं, तर तिला नीट सांगता येईना. या घरातून तीन बायका निघायच्या होत्या, आणि एकीनंही अजून सामान बांधलं नव्हतं.